वाचक विचारतात : दोन्ही बाजूंनी विश्वचषक

प्रश्न : खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा पहिला कोण? प्रशिक्षक म्हणून त्याने वेगळं काय केलं?

उत्तर : ब्राझीलचा मारिओ झागालो. १९५८ आणि १९६२ मध्ये खेळाडू, १९७० मध्ये प्रशिक्षक. खेळताना तो डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेने चढाई करणारा. पण चेंडू हातचा गेला की मधल्या फळीत परतायचा, त्यामुळे ४-२-४ ची रचना (बचाव, मधली फळी आणि आघाडीतले खेळाडू, या क्रमाने) ४-३-३ होई. १९७० मध्ये हेच काम त्याने रिव्हेलिनोला दिलं. मधल्या फळीतल्या पियाझाला बचावात उभं केलं. अंतिम सामन्यात इटलीचा बचावपटू फाकेटी ब्राझीलच्या जैरझिन्योच्या मागे मागे आत ओढला गेला आणि ब्राझीलसाठी उजवी बाजू मोकळी पडली. तिथूनच कार्लोस आल्बेर्तोचा चौथा गोल आला (४-१). नुसत्या पेलेचं कौतुक करणाऱ्यांनी तो गोल पुन्हा पाहावा!