कोंबडीची पूर्ण वाढलेली पिल्ले अंड्यातच का मरतात? इनक्युबेटरमध्ये आर्द्रता किती ठेवावी?

आपण लिहिले आहे की पहिल्या दिवसापासून आर्द्रता 70 टक्के ठेवली, पिल्ले पूर्ण वाढली, पण कवच न फोडताच मेली आणि अंडी उघडल्यावर ती फुगलेली व चिकट निघाली. पंख्याच्या इनक्युबेटरमध्ये तापमान 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहिले असेल, तर या वर्णनावरून मला दोष जास्त आर्द्रतेचाच दिसतो.

उबवणीच्या 21 दिवसांपैकी पहिल्या 18 दिवसांत अंड्यातील काही पाणी बाहेर जाणे आवश्यक असते. कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते, तितकी रुंद टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते आणि कवच फोडण्यापूर्वी पिल्लू आपला पहिला श्वास याच पोकळीत घेते. बाहेरची हवा दमट असेल तर पाणी आतच राहते, पोकळी लहान राहते आणि पिल्लाला ना श्वासापुरती हवा मिळते, ना टोच मारण्यासाठी वळायला जागा. उलट हवा फार कोरडी असेल तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि टोच मारल्यानंतरही ते तसेच अडकून राहते.

पहिले 18 दिवस 45 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र मी या आकड्यांपेक्षा अंड्याच्या वजनावर अधिक विश्वास ठेवतो, कारण कवचाची जाडी आणि अंड्याचा आकार यांनुसार एकाच आर्द्रतेत वेगवेगळ्या अंड्यांतून वेगवेगळे पाणी जाते. 18 व्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या सुमारे 12 टक्के घट व्हायला हवी. दहा अंडी मिळून 600 ग्रॅम भरली, तर रोज साधारण 4 ग्रॅम कमी होऊन सातव्या दिवशी 572 आणि अठराव्या दिवशी 528 ग्रॅमच्या आसपास वजन यावे. सातव्या दिवशी 585 ग्रॅम भरले तर आर्द्रतेसाठी इनक्युबेटरमध्ये ठेवलेले पाणी कमी करावे, 560 भरले तर वाढवावे. पुढचे दिवस हाताशी असल्याने ही तफावत भरून निघते. वजनकाटा नसेल तर अंधारात टॉर्च लावून सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी पोकळीची कड कवचावर पेन्सिलीने आखावी.

पाणी वाढवायचे म्हणजे भांडे खोल करायचे नव्हे. बाष्प पृष्ठभागावरून निघते, त्यामुळे पसरट ताटली किंवा पाण्यात ठेवलेला स्पंज उपयोगी पडतो. खोलीतल्या हवेचाही विचार करावा: 25 अंशांची 60 टक्के आर्द्रतेची हवा 37.5 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांवर येते, पण पावसाळ्यातील 28 अंशांची 90 टक्के दमट हवा तापूनही 53 टक्क्यांच्या जवळ राहते. म्हणजे त्या दिवसांत ताटलीत थेंबभर पाणी नसतानाही काम भागते.

आपले आर्द्रतामापक तपासले आहे का, हेही पाहावे. स्वस्त डिजिटल यंत्रांवर मी डोळे झाकून विसंबत नाही. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर करावे, पण विरघळू देऊ नये, आणि मापकासह हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवावे. खोलीच्या तापमानाला आकडा 75 आला पाहिजे. जितका फरक पडेल तितका प्रत्येक वेळी हिशेबात धरावा.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवून ताटलीत कोमट पाणी भरावे आणि त्यानंतर झाकण उघडू नये, कारण एकदा उघडले तरी आतली आर्द्रता झपाट्याने खाली येते आणि टोच मारलेल्या अंड्याचा पापुद्रा वाळू लागतो. आर्द्रता टिकवण्यासाठी हवेची छिद्रे बुजवू नयेत. या दिवसांत पिल्लांना प्राणवायूची गरज सर्वाधिक असते. पहिली ओली पिल्ले बाहेर आली की आकडा 80 च्या वर चढतो, पण तो त्यांच्याच अंगावरच्या ओलाव्यामुळे असल्याने त्या वेळी पाणी काढून घेण्याची गरज नाही.