कड्यावर खरं बोलणारा माणूस घरी गप्प का?

"त्याला जगायचंच नाही का, मॅडम?"

जिवावर बेतेल अशा छंदात रमलेल्या माणसांच्या घरचे लोक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न बहुधा पहिल्याच भेटीत येतो. कधी आई विचारते, कधी भाऊ. ज्या बाईंच्या निमित्ताने हे लिहिते आहे, त्यांचा नवरा बेस जंपिंग करतो. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बेस जंपिंग म्हणजे इमारत, मनोरा, पूल किंवा कड्यावरून पॅराशूट घेऊन मारलेली उडी. १९७८ साली कार्ल बेनिश यांनी अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्यावरच्या उड्यांचं चित्रीकरण केलं आणि तिथून हा खेळ आजच्या रूपात उभा राहिला. विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवर राखीव पॅराशूट असतं. इथे बहुतेकदा एकच असतं, कारण दुसरं उघडायला उंचीच उरत नाही. नॉर्वेतल्या शेराग कड्यावर १९९५ ते २००५ या काळात झालेल्या २०,८५० उड्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात ९ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे साधारण २,३०० उड्यांमागे एक. हा आकडा त्या बाईंना तोंडपाठ होता. लग्नाआधी नवऱ्यानेच सांगितला होता, आणि तेव्हा त्याच्या या स्पष्टपणाचं त्यांना कौतुक वाटलं होतं.

आता तो स्पष्टपणा राहिला नव्हता. त्या माझ्याकडे आल्या त्याच्या सहा महिने आधी त्याचा सगळ्यात जवळचा मित्र उडीत गेला. नवरा त्या वेळी खाली, उतरायच्या जागी उभा होता. घरी आला तो गप्पच. पहाटेपर्यंत झोप नाही. रात्री बॅग काढायची, पॅराशूट उलगडायचं, पुन्हा घडी घालायची, पुन्हा उलगडायचं. मग एक दिवस त्याने जाहीर केलं की मित्राला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी सगळा गट त्याच कड्यावर जमणार आहे आणि तोही उडी मारणार आहे. बाई म्हणाल्या, "गेलास तर परत या घरात येऊ नकोस." त्यानंतर तो उड्यांबद्दल एक शब्द बोलेना.

त्याला जगायचंच नाही का, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या वतीने मी देऊ शकत नाही, ते त्यालाच विचारावं लागेल, असं मी त्यांना सांगितलं. तो आला. बायकोच्या समाधानासाठी आलोय हे त्याने बसण्याआधीच सांगून टाकलं.

मी त्याला थेट विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" घरच्यांना हा प्रश्न विचारायची भीती वाटते. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते. तो जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "नाही. पण त्याच्या जागी मी असतो तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं."

मरणाची ओढ आणि वाचल्याची टोचणी या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, पण त्यांना हाताळण्याच्या वाटा निराळ्या आहेत. बेस जंपिंग करणाऱ्यांच्या स्वभावाचे अभ्यास झाले आहेत. त्यांत ही माणसं नव्याच्या शोधातली, धोक्याला इतरांपेक्षा कमी बिचकणारी, पण स्वतःच्या आयुष्याची सूत्रं हातात ठेवणारी अशी दिसली. सगळ्यांना बसेल असा एकच साचा मात्र सापडला नाही. म्हणून "हे लोक मरायलाच जातात" हे विधान मी कुणाच्याही बाबतीत मान्य करत नाही. आणि त्याच कारणाने "यांना काही होत नाही, ही कणखर माणसं आहेत" हेही नाही. एका अभ्यासात ६८ जणांशी बोलणं झालं. त्यांतल्या सुमारे ७२ टक्के लोकांनी सोबत्याचा मृत्यू किंवा गंभीर दुखापत डोळ्यांनी पाहिली होती. इतक्या जणांनी हे पाहिलेलं असताना त्याबद्दल बोलायची सवय फार थोड्यांना असते.

पुढच्या काही भेटी आम्ही उडीबद्दल बोललोच नाही, मित्राबद्दल बोललो. तो कसा हसायचा, घडी घालताना कसा गुणगुणायचा, दुसऱ्याच्या पॅराशूटची पिन तपासल्याशिवाय स्वतःची बॅग पाठीवर कशी घ्यायचा नाही. या मैत्रीविषयी बाहेरच्यांना कल्पना नसते. पहाटे अंधारात डोंगर चढायचा, वर पोचल्यावर एकमेकांचे पट्टे ओढून पाहायचे, आणि "आज तुझे हात थरथरताहेत, आज नको" असं तोंडावर सांगायचं. ज्याला असं सांगितलं जातं तो रागावत नाही. निमूट पायी खाली उतरतो आणि त्याला कुणी हिणवत नाही. निदान चांगल्या गटांत तरी असं चालतं. माणूस इतकं खरं बोलू शकतो अशा जागा आयुष्यात फार थोड्या असतात. ती जागा सोड म्हणणं म्हणजे त्याला काय सोडायला सांगणं आहे, हे त्याच्या बायकोला कळणं मला गरजेचं वाटत होतं.

मग एका भेटीत तो म्हणाला, "वाऱ्याचा अंदाज खालून मी दिला होता."

मित्राच्या आईला त्याने हेच सांगितलं होतं. वारा फिरला, अंदाज चुकला. "अंदाज कोणी दिला?" असं त्या माउलीने विचारलं, आणि तो म्हणाला, "मी." तेव्हापासून त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या. मी फक्त विचारलं, "वारा खरंच फिरला होता?"

फिरला नव्हता. पॅराशूट उघडण्याआधी तीन सेकंद थांबायचं ठरलं होतं, मित्राने पाच घेतले. उडीनंतर पहिल्या तीन सेकंदांत माणूस चाळीसेक मीटर खाली येतो, पाच सेकंदांत शंभराहून जास्त. पॅराशूट कड्याकडे तोंड करून उघडलं. हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. पण ते वळवून घ्यायला जी उंची लागते ती त्या दोन सेकंदांत संपली होती. मेलेल्या मित्राची चूक त्याच्या आईला कशी सांगायची, म्हणून याने ती स्वतःच्या अंगावर घेतली. आणि सहा महिने वागवल्यावर त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती, हे त्याचं त्यालाच नीट सांगता येईना.

या खेळातल्या मृत्यूंची एक यादी १९८१पासून ठेवली जाते. तीत आता चारशेहून अधिक नोंदी आहेत. कोण कसा गेला, काय चुकलं, हे तिथे सरळ लिहिलेलं असतं, कारण पुढच्याने त्यातून शिकावं. घरच्यांना ते वाचताना काय होत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. तरीही या नोंदी ठेवणाऱ्यांची बाजू मला पटते. नुसती हळहळ व्यक्त करून पुढच्या माणसाचा जीव वाचत नाही. या मित्राबद्दलची हकिगत प्रत्यक्षदर्शी म्हणून यालाच लिहायची होती. गटातल्या लोकांनी दोनदा विचारलं, याने टाळलं.

त्याला स्वतःच्या खेळाच्या नीतीचा अभिमान होता आणि तो रास्त होता. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन खोऱ्यात उड्या मारायच्या तर उतरण्याचं कार्ड घ्यावं लागतं. ज्यांच्या कुरणांत उतरायचं त्या शेतकऱ्यांना त्याचे पैसे जातात. उभ्या गवतात उतरायचं नाही, कारण ते जनावरांचा चारा आहे. उडीआधी हेलिकॉप्टरतळाला फोन करायचा, म्हणजे हवेत गाठ पडत नाही. जिथे बंदी आहे तिथे गुपचूप उडी मारून इतरांची जागा बंद पाडायची नाही. वारा वाईट असताना उडी मारून वाचवायला येणाऱ्यांचा जीव टांगणीला लावायचा नाही. हे सगळं तो मनापासून सांगत होता. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "शेतकऱ्याचा विचार आहे, पायलटचा आहे, बचावपथकाचा आहे. यात तुमच्या बायकोसाठी काय आहे?"

तो काहीच बोलला नाही. मला वाटतं तिथपासून कामाला खरी सुरुवात झाली.

वर्षपूर्तीच्या उडीसाठी त्याच्याकडे एक दाखला होता. कार्ल बेनिश १९८४ च्या जुलैत नॉर्वेच्या ट्रोलवेगेन कड्यावर उडीत मरण पावले आणि त्यांची पत्नी जीन यांनी त्यानंतर काही दिवसांतच त्याच पर्वतावरून उडी मारली. "त्यांना कुणी वेडं म्हटलं का?" त्याचा सवाल. मी म्हटलं, जीन यांच्या उडीबद्दल मी मत देणार नाही, त्यांचं दुःख त्यांचं होतं. पण तुम्ही ज्या मनाने वर चढणार आहात ते मला माहीत आहे. तुम्हाला झोप नाही. डोळे मिटले की तो क्षण दिसतो. मित्राने जास्तीचे घेतलेले दोन सेकंद तुमच्याही डोक्यात फिरताहेत. दुसरा कुणी या अवस्थेत शेजारी उभा असता तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतंत?

"आज नको," तो म्हणाला.

झोपेसाठी आणि पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणाऱ्या दृश्यांसाठी मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. असा आघात नुसत्या मनमोकळ्या गप्पांनी निवळेल, अशी आशा धरून बसू नये. त्यावर परिणामकारक उपचार आहेत. दरम्यान त्याने ती हकिगत लिहिली, पाच सेकंदांसकट. मग गटातल्या एका वडीलधाऱ्या सोबत्याला घेऊन तो मित्राच्या आईकडे गेला आणि त्यांना खरं सांगितलं. त्या रडल्या, मग चिडल्या, इतके दिवस फसवलंस म्हणाल्या. त्यांचा राग खरा होता आणि तो लगेच निवळावा अशी अपेक्षा मी त्याला ठेवू दिली नाही.

बायकोला त्याने हे सगळं माझ्यासमोर सांगितलं. तिला रडू येईल, ती त्याला जवळ घेईल, असं त्याला वाटलं असावं. ती म्हणाली, "उद्या तुला काही झालं तर कुणीतरी माझ्यापुढे येऊन असंच वाऱ्याचं नाव घेईल. आणि मी जन्मभर वाऱ्याला दोष देत बसेन." त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होती.

इथून पुढे "उडी मारणार की नाही" हा प्रश्न बाजूला ठेवून आम्ही "घरी काय आणि कधी सांगणार" यावर बसलो. प्रत्येक उडीआधी सांगायचं, उडून झाल्यावर नाही. कुठे, कोणाबरोबर, खाली कोण थांबणार, फोन कधी येईल, सगळं. एकट्याने उडी नाही. आदल्या रात्री झोप झाली नसेल तर उडी नाही. विम्याची, बँकेची कागदपत्रं तिला ठाऊक असलेल्या जागी. काही झालं तर तिला कळवायला कोण येणार त्याचं नाव ठरलेलं, आणि तो माणूस खरं सांगेल हे त्याच्याकडून आधीच कबूल करून घेतलेलं. ही शेवटची अट तिची.

तिच्याकडूनही काही हवं होतं. "घरात येऊ नकोस" हे ती खरंच करणार होती का? नव्हती. मग ती धमकी मागे घ्यावी लागली. धमकीने उडी थांबत नाही, बातमी थांबते. लपवून मारलेल्या उडीत खाली कुणी थांबलेलं नसतं आणि वर कुणी "आज नको" म्हणत नाही. त्याऐवजी तिने त्याला स्वतःचं खरं सांगितलं: मला हे कधीच आवडणार नाही, तू वर असशील तेव्हा मी फोनपाशी बसणार नाही, माझं काम करत राहीन, आणि एक दिवस हे मला झेपेनासं झालं तर ते तुला आधी सांगेन. तिने त्याच्या आवडीचं कौतुक करावं, असा आग्रह मी धरला नाही. तशी गरजही नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर काही खुणांकडे लक्ष ठेवा. आजवर काटेकोर असलेला माणूस घडी घालताना हयगय करू लागला, वाऱ्याची मर्यादा पाळेनासा झाला, एकटाच जाऊ लागला, जवळच्या वस्तू वाटू लागला, "आता काय फरक पडतो" असं बोलू लागला, तर ती खेळाची हौस समजून सोडून देऊ नका. त्याला मरणाबद्दल सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. सोबत्याच्या मृत्यूनंतरचे महिने तर विशेष जपायचे. त्याच्या गटातल्या एखाद्या जाणत्या माणसाचा फोन नंबर तुमच्याकडे असू द्या. घरच्यांचं न ऐकणारा माणूस कड्यावरच्या सोबत्याचं ऐकतो, असं मी पाहिलं आहे.

वर्ष झालं त्या दिवशी तो कड्यावर गेला. बाकीच्यांनी उड्या मारल्या. तो वर त्यांच्याबरोबर थांबला आणि पायवाटेने खाली आला. पुढे काही महिन्यांनी, झोप सुरळीत झाल्यावर, त्याने एका पुलावरून उडी मारली. आदल्या संध्याकाळी घरी सांगितलं होतं. ती "बरं" एवढंच म्हणाली आणि रात्रभर जागी राहिली, हेही तिने त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यांची मुलगी सहा वर्षांची आहे. बाबाचा मित्र कुठे गेला, हे ती अजून विचारते. तो पडला, एवढंच तिला सांगितलं आहे. बाबाही तिथूनच उडी मारतो का, हे तिने परवा विचारलं. आई म्हणते, खरं सांग. बाबा म्हणतो, एवढ्यात नको. पुढच्या आठवड्यात ते दोघं त्यासाठीच येणार आहेत.