‘व्यवस्थित’ की ‘पद्धतशीर’?

नेरूळहून फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: प्रबंधाच्या मराठी सारांशात ‘सिस्टेमॅटिक रिव्ह्यू’ला (म्हणजे एका प्रश्नावर आधी झालेले सगळे अभ्यास ठरलेल्या रीतीने शोधून तपासणं) ‘व्यवस्थित समीक्षा’ म्हटलं, तर मार्गदर्शक बाई हसल्या. चुकलं कुठे?

दोन्ही शब्द थोडे थोडे घसरलेत. ‘समीक्षा’ मुळात सम् + ईक्ष्, म्हणजे नीट पाहणं. परीक्षा, निरीक्षण, उपेक्षा ही त्याच धातूची भावंडं. पण मराठीत समीक्षा कविता-नाटकांना चिकटली. हिंदीत मंत्री ‘समीक्षा बैठक’ घेतात, आपल्याकडे ‘आढावा बैठक’. तेव्हा इथे आढावाच बरा.

खरी गंमत ‘व्यवस्थित’मध्ये आहे. ‘व्यवस्थित जेवलीस ना?’, ‘गाडी व्यवस्थित लाव’. यात नीटनेटकेपणा आहे, आधी ठरवलेली रीत नाही. ‘पद्धतशीर’मध्ये ती आहे. म्हणून तर आपण ‘त्याने मला पद्धतशीर गंडवलं’ म्हणतो. व्यवस्थित गंडवलं म्हटलं की मजाच जाते.

मी ठाणेकर, त्यामुळे उदाहरण मिसळीचं. ठाण्यात सर्वांत झणझणीत मिसळ कुठली? चार मित्रांना विचारून मत दिलं, तर तो नुसता आढावा. पद्धतशीर आढाव्यात आपण स्वतः मिसळ खायचीच नाही. खाल्लेल्यांनी लिहून ठेवलेलं सगळं शोधायचं. कुठे शोधणार, कोणते शब्द घालून, झणझणीत कशाला म्हणणार, हे आधीच कागदावर. ठाण्याच्या प्रसिद्ध मामलेदार मिसळीची तारीफ वाचून झाल्यावर निकष बदलायचे नाहीत! निवड दोघांनी स्वतंत्रपणे करायची, जुळलं नाही तर तिसऱ्याला विचारायचं. काय गाळलं आणि का, याचाही हिशेब द्यायचा. आरोग्यविषयक आढाव्यांचा असा आराखडा आधीच नोंदवण्यासाठी २०११पासून ‘प्रॉस्पेरो’ ही नोंदवही आहे. अहवालात काय काय सांगायचं, त्याची २७ कलमी यादी ‘प्रिझ्मा’ ही मार्गदर्शिका देते. तिची २०२०ची आवृत्ती वापरा, २००९ची नको. कुठल्या टप्प्यावर किती अभ्यास गाळले ते दाखवणारी त्यातली आकृती परीक्षक आधी बघतात, असा माझा अनुभव.

‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ मात्र वेगळं. सापडलेल्या अभ्यासांचे आकडे संख्याशास्त्राने एकत्र करणं म्हणजे ते. आढावा त्याच्याशिवायही पुरा होतो, त्यामुळे दोघांना एकच मराठी शब्द देऊ नका.

तर ‘पद्धतशीर आढावा’ लिहा. पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘सिस्टेमॅटिक रिव्ह्यू’ही असू द्या, म्हणजे बाईंना पुन्हा हसायला नको.