प्राचीन पद्धतीच्या सोनारकामावर आयुष्यभराचा धंदा उभा राहतो का?

आपला मुलगा प्राचीन सुवर्णकाम शिकू इच्छितो आणि त्यावर त्याचे पोट भरेल का, असे आपण विचारले आहे. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ माझे छोटे दुकान असून रवाकाम, म्हणजे सोन्याचे बारीक गोल दाणे पत्र्यावर जोडून केलेली नक्षी, हे माझ्या कामाचे मुख्य अंग आहे. धंदा उभा राहतो. मात्र जुन्या दागिन्याचा केवळ आकार उचलून नव्हे, तर त्यामागची आच समजून घेतल्यावर.

तक्षशिलेजवळच्या सिरकपला सापडलेल्या दागिन्यांत रवाकाम आहे आणि इटलीतील प्राचीन इट्रुस्कन लोकांच्या कारागिरांनी तर ते कमालीचे सूक्ष्म केले होते. १८३६ मध्ये चेरवेतेरी येथील थडग्यातून असे दागिने निघाल्यावर रोमच्या कास्तेल्लानी या सोनार घराण्याने त्यांचा ध्यास घेतला आणि त्या शैलीवर युरोपभर नाव कमावले, तरी सर्वांत बारीक रव्यांचे काम त्यांना साधले नाही. ते कोडे १९३०च्या दशकात इंग्रज कारागीर लिटलडेल यांनी सोडवले.

सोन्याच्या तारेचे तुकडे कोळशाच्या भुकटीत पसरून मूस, म्हणजे धातू वितळवण्याचे भांडे, तापवली की वितळलेला प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो. हे रवे तांब्याचा क्षार मिसळलेल्या डिंकाने पत्र्यावर चिकटवतात. आच लागताच डिंकाचा कोळसा होतो, तो क्षाराचे तांबे करतो आणि सुमारे ८९० अंशांना ते तांबे फक्त स्पर्शबिंदूपाशी सोन्यात मिसळून सांधा जुळतो. शुद्ध सोने १०६४ अंशांना वितळते, त्यामुळे रवा शाबूत राहतो. डाख, म्हणजे सांधण्यासाठीचा लवकर वितळणारा मिश्रधातू, वापरला असता तर तो रव्यांमधल्या फटींत पसरून नक्षी बुजली असती. पत्रा लाल होऊन त्यावर क्षणभर ओलसर चकाकी येते, तेव्हाच फुंकणी मागे घ्यावी लागते. ही नजर पुस्तकातून येत नाही.

डाख नसल्याने शुद्धताही घटत नाही, ही गोष्ट हॉलमार्क करून घेताना फार सोयीची ठरते.

उत्पन्नाचे म्हणाल, तर सुरुवातीची बरीच वर्षे ठुशी आणि बोरमाळेची दुरुस्तीच घर चालवते. मला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण लाख भरलेला पोकळ मणी उघडल्यावर जुन्या कारागिराची रीत समोर दिसते. मुलाने आधी एखाद्या पेढीच्या कारखान्यात तार ओढणे, पत्रा काढणे आणि डाखकाम पक्के करावे. पुढे रवाकामाची मजुरी वजनावर न लावता लागणाऱ्या दिवसांवर लावावी आणि काम हाती घेण्यापूर्वीच ती गिऱ्हाइकाला लिहून द्यावी.