‘पाच वर्षे देश लष्कराकडे द्या’

प्रश्न : आमच्या सोसायटीत राजकारणाचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतेच, ‘पाच वर्षे देश लष्कराच्या हाती द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील.’ ५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधानांच्या राजीनाम्याची घोषणा तेथील लष्करप्रमुखांनी केली, तेव्हापासून हा सूर वाढला आहे. शेजारी देशांत लष्कर सत्तेवर येते आणि आपल्याकडे आले नाही, याचे कारण आपले सेनाधिकारी सज्जन आहेत एवढेच आहे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या सेनाधिकाऱ्यांच्या सचोटीविषयी मला नितांत आदर आहे, पण पाकिस्तानचे पहिल्या पिढीतील सेनाधिकारीही त्याच ब्रिटिश भारतीय सैन्यात तयार झाले होते, त्यामुळे तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. १९४७ ते १९५८ या काळात पाकिस्तानात सात पंतप्रधान झाले आणि प्रौढ मताधिकाराने देशव्यापी निवडणूक एकदाही झाली नाही. ७ ऑक्टोबर १९५८ रोजी राज्यघटना गुंडाळून लष्करी कायदा पुकारला तो राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी, आणि जनरल अयुब खान यांना मुख्य प्रशासक नेमले तेही त्यांनीच. २७ ऑक्टोबरला अयुब यांनी मिर्झांनाच पदावरून घालवले, तर सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात या सत्तांतराला कायदेशीर ठरवले. आपसातले भांडण मिटवण्यासाठी राजकारण्यांनी लष्कराला घरात घेतले, ही माझ्या मते यातली मुख्य गोष्ट आहे.

‘पाच वर्षे’ या मुदतीचेही तसेच. जुलै १९७७ मध्ये पाकिस्तानात सत्ता हाती घेताना जनरल झिया उल हक यांनी नव्वद दिवसांत निवडणुका घेण्याचे आश्वासन दिले आणि १९८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सत्तेवर राहिले. म्यानमारच्या लष्कराने तर २००८ च्या राज्यघटनेत संसदेच्या २५ टक्के जागा स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. तरीही निवडणुकीचा निकाल रुचला नाही म्हणून १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याने पुन्हा सत्ता घेतली.

आपल्याकडे १९५१-५२ मध्येच सार्वत्रिक निवडणूक झाली, १९५५ मध्ये सरसेनापतीचे पद रद्द होऊन तिन्ही दलांचे प्रमुख समान पातळीवर आले. तरी ठिणग्या उडाल्याच नाहीत असे नाही. १९५९ मध्ये, मुंबईतून निवडून आलेले संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी खटके उडाल्याने लष्करप्रमुख थिमय्या यांनी राजीनामा दिला; नेहरूंनी समजूत घातल्यावर तो मागे घेतला. १९६२ च्या पराभवानंतर मेनन यांना जावे लागले ते संसदेतील आणि स्वपक्षातील रोषामुळे. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी घराघरांत पोचले. इतक्या मोठ्या पराभवाचा हिशेबही नागरी राजकारणातच चुकता झाला, हे मला फार मोलाचे वाटते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर एल्फिन्स्टन रोड स्थानकावरचा पादचारी पूल लष्कराने बांधला. जवानांनी काम चोख केले, यात शंका नाही. पण रोजच्या प्रवाशांसाठी पूल उभारणे हे रेल्वेचे आणि महापालिकेचे काम आहे. ते वेळेवर का झाले नाही, हा प्रश्न आपण पुरेशा नेटाने विचारला नाही. तुमच्या सोसायटीतील मंडळींची चीड खरी आहे. ती घेऊन त्यांनी आपल्या नगरसेवकाकडे आणि खासदाराकडे जावे, आणि उत्तर मिळेपर्यंत जात राहावे.