पत्रिकेत ‘सोंगं’ छापावं की ‘धार्मिक नाटिका’?

बीड जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: गावात बंद पडलेली नृसिंह जयंतीची सोंगं यंदा पुन्हा निघणार आहेत. पत्रिकेचा मसुदा वाचताना तरुण मंडळींनी ‘सोंगं’ या शब्दालाच हरकत घेतली. सोंग म्हणजे ढोंग, देवाच्या कामाला तो कसा चालेल? त्याऐवजी ‘धार्मिक नाटिका’ छापू, असं ते म्हणतात. म्हातारी माणसं अडून बसली आहेत. बरोबर कोण?

म्हातारी माणसं बरोबर आहेत.

‘झोपेचं सोंग घेतलं’ आणि ‘नृसिंहाचं सोंग घेतलं’ यांचं व्याकरण सारखंच आहे. फरक आहे तो बघणाऱ्याच्या बाजूने. झोपेचं सोंग दुसऱ्याला कळू नये म्हणून असतं. नृसिंहाचं सोंग साऱ्या गावादेखत असतं. मुखवट्याआड कोणाच्या घरचा गडी आहे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी बाया त्याला ओवाळतात. यात कोणी कोणाला फसवत नाही.

पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानदेव हीच गोष्ट ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात दृष्टांत म्हणून घेतात. बहुरूपी राजा-राणी होतात, मनात स्त्री-पुरुषभाव नसतो, पण ‘लोकसंपादणी’ तशीच करतात. ज्ञानी माणसाने लोकांसाठी केलेलं कर्मही तसंच, त्याला न बांधणारं. हा ‘संपादणी’ शब्द जपून ठेवावा असा आहे. ‘सोंगसंपादणी’ म्हणजे घेतलेलं सोंग नीट वठवण्याची हातोटी. आज ‘संपादन’ म्हटलं की वर्तमानपत्रच आठवतं.

शब्द बदनाम झाला म्हणून सोडायचा, तर ‘गोंधळ’ कधीच सोडावा लागला असता. ‘काय गोंधळ घातलाय’ असं आपण रोज म्हणतो. पण धाराशिव-परभणीकडे लग्नानंतर संबळ-तुणतुण्यावर आईचा गोंधळ घालायचा असतो, तेव्हा पत्रिकेत ‘देवीचा सांगीतिक कार्यक्रम’ कोणी छापत नाही. विधी चालू राहिला, म्हणून शब्दाचा मान राहिला. सोंगांचं उलटं झालं. ती कमी होत गेली आणि शब्दाचा वाईट अर्थ तेवढा ऐकू येत राहिला. त्यामुळे इलाज आहे तो सोंगं पुन्हा काढण्यात. तुमचं गाव तेच करतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

‘रात्र थोडी, सोंगं फार’ ही म्हण बघा. रात्रभर चालणाऱ्या सोंगांशिवाय ती म्हण उभीच राहत नाही. गणपती, सरस्वती आधी, मग एकेक करत बाकीची. उजाडायच्या आत सगळी उरकायची. ‘नाटिका’ म्हणजे लहान नाटक: रंगमंच, पडदा, तास-दीड तास. तुमच्याकडे मंच म्हणजे देवळापुढची जागा आणि रस्ता. अमुक सोंग अमुक घराचं हा मान चालत आलेला, काही सोंगं नवसाची. ‘नाटिका’ छापली की पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणेल, नऊला सुरू करून साडेदहाला संपवू. नावाबरोबर वेळ, जागा, मान, सगळंच आकसतं.

शेजारचे शब्दही याच घरातले आहेत. पैठणच्या एकनाथांच्या परंपरेतलं सोंगी भारूड, म्हणजे वेश घेऊन सादर केलेलं भारूड. आणि लळीत: उत्सवाच्या शेवटी देव सिंहासनावर बसला आहे असं मानून त्याच्यासमोर सोंगं आणायची, मागणं मागायचं, प्रसाद वाटायचा.

युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारशाच्या करारात भारत २००५ मध्ये सामील झाला. त्या करारात मौखिक परंपरेबरोबर, वारसा वाहून नेणारी म्हणून भाषेचाही उल्लेख आहे. शिवाय आपला वारसा कोणता, हे ओळखायचं तो जपणाऱ्या लोकांनीच. २००८ मध्ये रामलीला आणि २०१० मध्ये केरळचं मुडियेट्टू हे विधिनाट्य युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आलं ते आपापल्या नावानिशी. मग बीडच्या सोंगांनी नाव का बदलावं?

एक खबरदारी मात्र घ्या. सोंग घेणाऱ्याला ‘सोंगाड्या’ लिहू नका. तमाशामुळे तो शब्द हसवणाऱ्या पात्राशी पक्का जोडला गेला आहे. ‘नृसिंहाचं सोंग’ असं लिहून पुढे घराण्याचं नाव द्यावं. क्रियापदं म्हाताऱ्यांना विचारूनच घ्या. सोंग ‘घेणं’ माणसाकडे, ‘काढणं’ गावाकडे, आणि रस्त्यावर दिसलं की ‘सोंग आलं’. तुमच्याकडे आणखी वेगळं म्हणत असतील तर तेच छापा. वैशाख शुद्ध चतुर्दशीपर्यंत ऊसतोडीला गेलेली माणसं परतलेली असतात. सोंगांचा मान असलेल्या घरांना त्याआधी फोनवर विचारून घेतलंत, तर पत्रिकेत कोणाचं सोंग राहून जाणार नाही.