ठिबकच्या देखभालीचं प्रशिक्षण संगणकावर द्यायचंय. व्हिडिओ आणि शेवटी परीक्षा, एवढं पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की यावल तालुक्यातल्या केळीवाल्यांच्या गटासाठी हे करताय, व्हिडिओ तयार आहेत, शेवटी वीस प्रश्न टाकले की काम झालं. मी जळगावात अशीच प्रशिक्षणं तयार करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: एवढ्याने लोक पास होतील, पण शेतातला फिल्टर तुंबलेलाच राहील.

व्हिडिओ जरा बाजूला ठेवा. प्रशिक्षण झाल्यावर माणसाने शेतात काय करून दाखवायचं, ते आधी लिहा. 'ठिबकची माहिती होईल' असं लिहिलंत तर त्यात काहीही बसतं. 'सँड फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब गेजवर वाचून बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं) करायचा की नाही ते ठरवेल' असं लिहिलंत की काय ठेवायचं आणि काय काढायचं ते आपोआप दिसतं. ठिबकचा इतिहास, अध्यक्षांचं मनोगत, मागचं संगीत, सगळं गळतं.

खरी मेहनत पुढे आहे, आणि बहुतेक ठिकाणी तीच टाळली जाते. गावातल्या फिटरला, खतविक्रेत्याला विचारून लोकांच्या नेहमीच्या चुका गोळा करा. उदाहरणार्थ, कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (फॉस्फेटचं विद्राव्य खत) एकाच टाकीत कालवणं. पडद्यावर शिकणाऱ्याला हे मिश्रण करू द्या, अडवू नका. मग पाणी गढूळ झालेलं दाखवा, साका खाली बसताना दाखवा, तोच साका ड्रिपरच्या तोंडाशी अडकलेला दाखवा. आणि तिथेच कारण सांगा: कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा क्षार तयार होतो, म्हणून ही खतं वेगवेगळ्या वेळी सोडायची. 'उत्तर चुकले, पुन्हा प्रयत्न करा' या वाक्याने कुणी काही शिकत नाही. चार माणसांसमोर चुकायची लाज वाटते. एकट्याने चुकता येतं, खतही वाया जात नाही आणि कारण लगेच कळतं. संगणकाचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो.

शिकणाऱ्याला चुकू द्यावं का, यावर जुना वाद आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी शिकवण्याचं यंत्र केलं. त्यांचा आग्रह असा, की पायऱ्या इतक्या लहान ठेवा की शिकणारा जवळपास चुकणारच नाही. नॉर्मन क्राउडर यांची पद्धत वेगळी होती: पर्याय द्या, आणि जो चुकीचा पर्याय निवडेल त्याला त्याच चुकीचा खुलासा करणाऱ्या पानावर पाठवा. ठिबकसारख्या कामात मी क्राउडरच्या बाजूचा आहे.

शेवटच्या परीक्षेबद्दल. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. तोच मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे निघाले. तेव्हा वीस प्रश्न एका दिवशी संपवू नका. प्रत्येक भागानंतर दोन-तीन विचारा, बाकीचे दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने मोबाइलवर पाठवा. हा बदल फुकटात होतो.

नवख्या पोराला आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण दाखवा, मग अर्धवट, मग त्याचं त्याला सोडवू द्या. पंधरा वर्षं ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्याला तेच समजावून सांगणं ओझं होतं. त्याच्यासाठी सुरुवातीला चार प्रश्न ठेवा, आणि बरोबर आले तर तो भाग ओलांडू द्या. 'पुढे'चं बटण दोन मिनिटं बंद ठेवण्याची पद्धत तर कृपया नकोच.

पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू नका. डोळे आणि कान एकाच गोष्टीत गुंततात. चित्र ठेवा, त्यावर आवाज ठेवा. आवाज तुमच्याच गटातल्या कुणाचा तरी घ्या, तुमच्या भागातल्या लेवा गणबोलीत बोलला तर फारच छान.

फिल्टर उघडून धुणं मात्र पडद्यावर येत नाही. त्यासाठी एक सकाळ कुणाच्या तरी मळ्यात ठेवा, आणि तिथे व्याख्यान न देता प्रत्येकाला स्वतः पाना धरायला लावा.